तोटीच्या मागे: ग्रामीण नळपाणी अभ्यासाची प्रस्तावना

गावाला नळाने पाणी कसे मिळते आणि मिळू लागलेले पाणी पुढे का थांबते, या प्रश्नाला विद्यापीठात स्वतःची खोली सहसा मिळत नाही. स्थापत्यचा विद्यार्थी नळाचा व्यास काढायला शिकतो, पण पाणीपट्टीची वही त्याने उघडलेली नसते. भूशास्त्राच्या विद्यार्थ्याला बेसॉल्टचे थर ओळखता येतात, पण पंपाचे वीजबिल कुणाच्या नावावर येते याच्याशी त्याला देणेघेणे नसते. राज्यशास्त्राचा अभ्यासक ग्रामसभेवर प्रबंध लिहितो, पण व्हॉल्व्ह किती आटे फिरवला म्हणजे वरच्या आळीला पाणी चढते हे त्याला ठाऊक नसते. गावकरी मात्र या तिघांनाही एकच गोष्ट विचारतात: पाणी कधी येणार? तेव्हा या विषयात येणाऱ्याने चार ठिकाणचे ज्ञान उसने घेण्याची आणि ते घेताना न लाजण्याची तयारी ठेवावी. तो अभियंता असो, प्राथमिक शिक्षक असो, ग्रामसेवक असो की पदवी घेऊन गावी परतलेली मुलगी असो, इथे सगळ्यांना जागा आहे. जागा खूपच मोकळी आहे, हीच खरे तर अडचण आहे.

या विषयात येण्याची वेळही चांगली आहे. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जल जीवन मिशनची घोषणा झाली. ग्रामीण भागातल्या प्रत्येक घरात नळ, माणशी रोज ५५ लिटर पाणी, तेही भारतीय मानक १०५०० नुसार पिण्याजोगे, आणि मुदत २०२४. त्या दिवशी देशातल्या सुमारे १९ कोटी ग्रामीण घरांपैकी ३.२३ कोटी घरांत नळ होता. म्हणजे सहा घरांत एक. एकूण खर्चाचा अंदाज ३.६० लाख कोटी रुपयांचा, त्यात केंद्राचा वाटा २.०८ लाख कोटींचा. २०२५ च्या सुरुवातीला नळ असलेल्या घरांचा आकडा १५ कोटींच्या पुढे, साधारण ८० टक्क्यांवर गेला होता, आणि त्या वर्षीच्या केंद्रीय अर्थसंकल्पात योजनेची मुदत २०२८ पर्यंत वाढवण्यात आली. महाराष्ट्रात सुमारे १.४६ कोटी ग्रामीण घरे. २०१९ मध्ये त्यांपैकी ४८ लाखांच्या आसपास घरांत नळ होता. इतक्या थोड्या वर्षांत इतके नळ आपल्याकडे पूर्वी कधी बसले नव्हते. हे वाक्य मी कुठलीही खोच न ठेवता लिहितो आहे.

मात्र अभ्यासकाचे काम या आकड्यांपाशी संपत नाही. योजनेचा अभ्यास उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी सुरू करावा, असे माझे म्हणणे आहे, आणि पुढचे सगळे विवेचन त्याच म्हणण्याचा विस्तार आहे. कोनशिला बसेपर्यंतचा इतिहास कागदावर भरपूर सापडतो: अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, निविदा, मोजमाप पुस्तिका. नारळ फुटल्यानंतर पाणी सोडणारा माणूस रोज किती वाजता टाकीवर जातो, मोटर जळाली तर ती भरून आणायला पैसे कोण देतो, मार्चनंतर विहिरीत किती परस पाणी उरते, यांची नोंद मात्र कुणीतरी मुद्दाम ठेवल्याशिवाय राहत नाही. योजना जगते किंवा मरते ती या नोंद नसलेल्या भागात.

आधी मोजणीबद्दल, कारण या विषयातले निम्मे गैरसमज मोजणीतून येतात. १९७२-७३ मध्ये केंद्राने वेगवर्धित ग्रामीण पाणीपुरवठा कार्यक्रम सुरू केला तेव्हा मोजायचे एकक होते ‘समस्याग्रस्त गाव’. १.६ किलोमीटरच्या आत पाणी नाही, किंवा आहे ते १५ मीटरपेक्षा खोल आहे, किंवा पटकी आणि नारू पसरवणारे आहे, किंवा त्यात क्षार, लोह, फ्लोराइड जास्त आहे, अशा गावांची यादी. पुढे लक्षात आले की गावठाणात विहीर झाली म्हणजे दोन कोसांवरच्या वाडीला पाणी मिळाले असे होत नाही. मग वाडी-वस्ती हे एकक आले; माणशी ४० लिटर आणि २५० माणसांमागे एक हातपंप, असा हिशेब ठरला. जल जीवन मिशनने एकक आणखी लहान केले आणि ते घरावर आणले. प्रत्येक वेळी एकक बदलले की जुने ‘पूर्ण’ झालेले काम पुन्हा अपूर्ण दिसू लागते. २०११ च्या जनगणनेत ग्रामीण भारतातल्या ३०.८ टक्के घरांनी पाण्याचा मुख्य स्रोत नळ असल्याचे सांगितले होते. २०१९ चा आकडा १७ टक्क्यांचा. मधल्या आठ वर्षांत कुणी नळ उपटून नेले नाहीत. जनगणनेत चौकातला सार्वजनिक नळही धरलेला होता, मिशनने फक्त घरातली जोडणी धरली. दोन तक्ते शेजारी ठेवण्याआधी त्यांच्या तळटीपा वाचायच्या, हा पहिला धडा.

दुसरा धडा घसरणीचा. ‘पाणी मिळालेली वस्ती’ म्हणून एकदा नोंदलेली वस्ती काही वर्षांनी ‘न मिळालेल्या’ यादीत परत येते: उद्भव, म्हणजे पाण्याचा मूळ स्रोत, आटतो, पाणी खारट होते, लोकसंख्या वाढते, पाइप फुटतो. देशाच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा २०१८ चा अहवाल या विषयातल्या प्रत्येकाने वाचावा असा आहे. २०१२ ते २०१७ या काळात तेव्हाच्या राष्ट्रीय ग्रामीण पेयजल कार्यक्रमावर ८१ हजार कोटी रुपयांहून अधिक खर्च झाला, ३५ टक्के घरांत नळजोडणीचे उद्दिष्ट होते, प्रत्यक्षात मजल १७ टक्क्यांपर्यंत गेली. सरकारी भाषेत असे अहवाल कोरडे वाटतात. पण त्यातली परिशिष्टे एखाद्या कादंबरीइतकी बोलकी असतात. बंद पडलेल्या योजनेच्या कारणाच्या रकान्यात ‘वीज नाही’, ‘उद्भव कोरडा’, ‘हस्तांतरण प्रलंबित’ असे दोन-दोन शब्द असतात आणि त्या दोन शब्दांत एका गावाची पाच-दहा वर्षे गेलेली असतात.

जुन्या योजनांना सरसकट नापास करण्याची घाईही नको. नारूचे उदाहरण घ्या. पायऱ्यांच्या विहिरीत माणूस घागर घेऊन उतरायचा, पायावरच्या फोडातून नारूच्या अळ्या पाण्यात जायच्या, सायक्लॉप्स नावाचा सूक्ष्म जीव त्या गिळायचा आणि तेच पाणी दुसऱ्याच्या पोटात जायचे. या रोगावर ना लस होती ना औषध. पाणी फडक्यातून गाळणे, पायऱ्या बंद करणे, विहिरीऐवजी हातपंप देणे, एवढ्यावर तो हटला. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात नोंदला गेला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त असल्याचे प्रमाणपत्र दिले. आजच्या विद्यार्थ्याला नारू म्हणजे काय हे आजीला विचारावे लागते. पाणीपुरवठ्याला यापेक्षा मोठी पावती कुठली हवी?

त्या हातपंपाच्या गोष्टीत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे, आणि तो फारसा सांगितला जात नाही. बहात्तरच्या दुष्काळाच्या आगेमागे विंधन विहिरी धडाक्याने खोदल्या गेल्या, पण त्यांवर बसवलेले बिडाचे पंप कुटुंबाच्या वापरासाठी बनवलेले होते. सगळे गाव त्यावर लोटले की थोड्याच दिवसांत मोडायचे. जालन्यातल्या ख्रिस्ती मिशनच्या कामातून आणि नंतर सोलापुरात, गावाच्या धबडग्यात टिकेल असा दणकट लोखंडी हापसा तयार झाला. सोलापूरच्या त्या पंपाचा आधार घेऊन, युनिसेफच्या साहाय्याने, सत्तरच्या दशकात ‘इंडिया मार्क टू’ घडला आणि तो पुढे आफ्रिकेतल्या अनेक देशांत गेला. कारखान्यातल्या आरेखनापेक्षा दुरुस्ती करणाऱ्या मिस्त्रीच्या अनुभवाने यंत्र कसे सुधारते याचा हा नमुना. नळयोजनांच्या बाबतीत असे मिस्त्री आपल्याकडे आजही आहेत, फक्त त्यांचे ऐकून कुणी लिहून ठेवत नाही.

नळ ही गोष्ट तशी सरकारी योजनांपेक्षा बरीच जुनी. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मलिक अंबरची नहर सतराव्या शतकाच्या आरंभीची. कात्रजच्या तलावातून पुण्यात आणलेले पाणी अठराव्या शतकाच्या मध्याचे. मुंबईत विहार तलावाचे पाणी नळातून खेळू लागले ते १८६० मध्ये. उताराच्या बळावर, पंपाशिवाय, मैलोगणती पाणी आणण्याचे हे कसब पाहण्यासारखे आहे आणि त्यावर स्वतंत्र लेखन झालेलेही आहे. मात्र ते पाणी हौदापर्यंत, वाड्यापर्यंत, शहरापर्यंत यायचे. प्रत्येक घरी तोटी देण्याचे वचन त्या काळात कुणी दिले नव्हते. म्हणून त्या कौतुकात इथे फार रेंगाळत नाही.

आता मुख्य गोष्टीकडे, म्हणजे उद्भवाकडे. महाराष्ट्राच्या सुमारे ८१-८२ टक्के भूभागाखाली दख्खनचा बेसॉल्ट आहे. या कातळाच्या पोटात वाळूच्या थरासारखे सर्वदूर पाणी नसते. ते मुरमात, भेगांत, सच्छिद्र थरांत, दोन लाव्हाप्रवाहांच्या सांध्यात असते. त्यामुळे एका बोअरला दोन इंच पाणी लागते आणि पन्नास पावलांवरच्या दुसरीतून धुरळा उडतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे भूवैज्ञानिक अनेक दशके या राज्यात निरीक्षण विहिरींची पातळी मोजत आले आहेत. त्या नोंदी या विषयातला मोठा ठेवा आहे. पाणी कुठे लागेल हे नारळ हातावर धरून सांगणाऱ्या पाणाड्यालाही आपल्याकडे अजून मान आहे, आणि सरकारी मान्यतेने निवडलेल्या जागेवरही आधी त्याला फिरवून आणतात, हे जाता जाता नमूद करतो.

कातळात पाणी थोडे असते एवढेच असते तर गोष्ट सोपी होती. पण हे थोडे पाणी दोन मालकांचे आहे. एक छोटा हिशेब करून पाहा. दोन हजार वस्तीच्या गावाला माणशी ५५ लिटरने रोज १ लाख १० हजार लिटर पाणी लागते. वर्षाला सुमारे ४ कोटी लिटर, म्हणजे ४० हजार घनमीटर. पाटाने भिजवलेल्या एक हेक्टर उसाला वर्षाला साधारण २० ते २५ हजार घनमीटर पाणी जाते. म्हणजे अख्ख्या गावाचे वर्षाचे घरगुती पाणी म्हणजे जेमतेम पाच एकर ऊस. हे कळले की ‘गावाला पाणी पुरत नाही’ या वाक्याकडे आपण वेगळ्या नजरेने पाहतो. पाऊस कितीही कमी झाला तरी पिण्यापुरते पाणी बहुतेक ठिकाणी पडून जाते. ते एप्रिलपर्यंत राखले जात नाही, कारण ते राखण्याचा अधिकार प्रत्यक्षात कुणाकडेच नसतो. १९९३ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने सार्वजनिक पाणवठ्यापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर खोदायला बंदी केली. ही पाचशे मीटरची रेघ गावात कितपत पाळली जाते, मोडली तर तक्रार कोण करते आणि भावकीतल्या माणसाविरुद्ध ती करायला कोण धजते, यावर एक अख्खा प्रबंध होईल. हिवरेबाजारने शेतीसाठी बोअर घ्यायचीच नाही असे ठरवले आणि दरवर्षी पडलेल्या पावसावर पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवण्याचा पायंडा पाडला. हे उदाहरण इतक्यांदा सांगून झाले आहे की नवख्या अभ्यासकाला त्याचा कंटाळा येतो. तरी मी ते पुन्हा सांगतो, कारण तिथला निर्णय नळाबद्दल नव्हता, शेतीबद्दल होता. नळाचे भवितव्य तोटीपासून दूर, शेताच्या बांधावर ठरते.

जाळे आहे आणि पाणी नाही, हे सगळ्या देशाने पाहिले ते २०१६ च्या एप्रिलात, लातूरला. शहरात नळ होते, टाक्या होत्या, पाणीपट्टीही होती. मांजरा धरणात पाणी नव्हते. मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. पहिल्या गाडीत दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर.

जिथे जमिनीखालचे पाणीच पिण्याजोगे नाही तिथे प्रश्न वेगळा. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, म्हणजे अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांतला मोठा भाग, तिथे विहीर खोदली तर खारे पाणी लागते. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही भागांत फ्लोराइड. मानकानुसार लिटरमागे १ मिलिग्रॅम ही स्वीकार्य मर्यादा आणि पर्याय नसेल तर दीड. त्यापुढे वर्षानुवर्षे पीत राहिले तर आधी दातांवर डाग पडतात, मग हाडे वाकतात. पटकी-नारूतून सोडवणारी खोल बोअर काही गावांत या दुखण्याला कारण झाली. अशा ठिकाणी धरणावरून लांबवर पाइप टाकून अनेक गावांना एकत्र पाणी देणारी प्रादेशिक योजना हाच मार्ग उरतो. अकोल्याची ८४ खेडी आणि ६४ खेडी योजना ही नावे त्या भागात कुणालाही विचारा.

प्रादेशिक योजनेचे गणित मात्र निर्दय असते. पाइपात पाणी पुढे सरकते तसा घर्षणाने दाब कमी होत जातो, आणि पंगतीत शेवटी बसलेल्याला जे उरेल ते. वाटेतल्या गावांनी मंजुरीपेक्षा जास्त पाणी ओढले, कुणी मुख्य वाहिनीलाच परस्पर जोड मारला, की शेपटाकडच्या गावाची टाकी भरत नाही. पाणी नाही म्हणून ते गाव पाणीपट्टी भरत नाही. वसुली घसरली की वीजबिल थकते, बिल थकले की जोडणी तुटते आणि मग वाटेतल्या गावांचेही पाणी बंद होते. पुन्हा बिल भरायला जिल्हा परिषद, शासन, टंचाईचा निधी अशी धावाधाव. योजना उभारणारी यंत्रणा ती गावांकडे सोपवू पाहते आणि गावे ती घ्यायला तयार नसतात. ‘हस्तांतरण’ हा शब्द फायलींमध्ये जितका साधा दिसतो तितका तो गावात नाही. अशा जाळ्याचे आरेखन तपासण्यासाठी मुंबईच्या आयआयटीने ‘जलतंत्र’ नावाची संगणकप्रणाली केली आहे. विद्यार्थ्यांनी ती शिकावीच. पण दाबाचा आलेख आणि थकबाकीचा तक्ता एकाच नकाशावर मांडून पाहणारा विद्यार्थी मला अधिक आवडेल.

दाबाचा विषय निघाला आहे तर जरा थांबू, कारण इथे आरोग्यशास्त्र आणि यंत्रशास्त्र एकमेकांत मिसळतात. आपल्या बहुतेक योजनांत पाणी ठरावीक वेळीच सुटते; कुठे रोज तासभर, कुठे दिवसाआड, उन्हाळ्यात कुठे आठवड्याने. पाणी बंद असताना पाइप रिकामा असतो आणि त्यात बाहेरचे काहीही शिरू शकते. गटाराच्या कडेने गेलेल्या फुटक्या जोडातून सांडपाणी आत येते. त्यात घरोघरी नळाला लावलेल्या मोटारी. त्या पाणी ओढतात तेव्हा शेजाऱ्याचे पाणी तर ओढतातच, पण वाटेतली घाणही ओढतात. टाकीत टीसीएल पावडर नीट टाकून शुद्ध केलेले पाणी तोटीपाशी येईपर्यंत अशुद्ध होते ते असे. शिवाय पाणी रोज येत नाही म्हणून घरात पिंप, हौद, रांजण भरून ठेवतात आणि साठवलेल्या त्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास वाढतो. आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळा, असे आरोग्यसेविका दारोदार सांगत फिरते. ज्या घरात पुढचे पाणी कधी येईल याची खात्री नाही, तिथली बाई भरलेले पिंप ओतून कसे देईल? सातारा जिल्ह्यात कराडशेजारच्या मलकापूरने मीटर बसवून आणि वापराप्रमाणे चढते दर लावून चोवीस तास पाणी देऊन दाखवले. त्याला आता पंधरा वर्षांहून अधिक काळ झाला. चोवीस तास पाणी दिले तर लोक नासाडी करतील, हा आपल्याकडचा लाडका समज. मीटर असेल आणि उद्याची धास्ती नसेल तर माणूस साठवायचे सोडतो, शिळे झाले म्हणून ओतून द्यायचे सोडतो, हे मलकापुरात दिसले.

या सगळ्या व्यवस्थेच्या मधोमध एक माणूस उभा असतो: पाणी सोडणारा. ग्रामपंचायतीचा शिपाई म्हणा, व्हॉल्व्हमन म्हणा. लाइट कधी येते त्यावर त्याची झोप ठरते. टीसीएलचे पोते कुठे ठेवायचे, किती चमचे टाकायचे, कुठल्या आळीला आधी सोडायचे, लग्नघरी दहा मिनिटे जास्त द्यायची की नाही, हे तोच ठरवतो. शिव्या त्यालाच आणि मानधन ऐकले तर आपल्यालाच संकोच वाटावा. नळयोजनेचा समाजशास्त्रीय अभ्यास करायचा असेल तर सरपंचाच्या मुलाखतीने सुरुवात करू नका. या माणसाबरोबर एक सकाळ गावभर फिरा.

त्या फेरीत आणखी एक गोष्ट दिसेल. महाराष्ट्रात सार्वजनिक पाण्याचा इतिहास हा जातीचाही इतिहास आहे. १८६८ मध्ये जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मांडून मंजूर करून घेतला. तो ठराव कागदावरच राहतो आहे म्हणून २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह महाडच्या चवदार तळ्यावर गेले. तळ्याचा खटला उच्च न्यायालयात निकाली निघाला तो १९३७ साली. ठरावापासून चौदा वर्षांनी. नळाने हा प्रश्न आपोआप सुटेल असे वाटत होते, कारण नळाला शिवण्यासाठी कुणाच्या विहिरीवर जावे लागत नाही. काही अंशी तो सुटलाही. पाणवठ्यावरचा रोजचा अपमान घरातल्या तोटीने टळला, हे छोटे नाही. पण पाइपालाही चढ असतो, उतार असतो, व्यास असतो, शेवट असतो. वितरणाची वाहिनी कुठे संपते, दोन इंची पाइप कुठे पाऊण इंची होतो, कुठली वस्ती पुढच्या टप्प्यात घ्यायची म्हणून ठेवली आहे, हे गावाच्या नकाशावर रंगाने काढा. आकडेवारीत न दिसणारी गोष्ट त्या नकाशात दिसते, किंवा नाही दिसली तर तेही प्रामाणिकपणे लिहा.

ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्याचा नकाशा असाच काढून पाहण्यासारखा आहे. तानसा, भातसा, मोडकसागर हे मुंबईचे पाणी याच परिसरातले. जमिनीवरून जाणाऱ्या अजस्र जलवाहिन्या तिथल्या पोरांच्या रोजच्या वाटेवर असतात आणि उन्हाळ्यात तिथल्याच काही पाड्यांवर टँकर फिरतो. यात कट-कारस्थान शोधायची गरज नाही. धरण ज्या वर्षी बांधले त्या वर्षी ते कुणासाठी बांधायचे हे ठरले होते, आणि पाड्यांना त्या वेळी कुणी मोजलेच नव्हते.

बायकांच्या वेळेबद्दल स्वतंत्र लिहायला हवे, इथे एवढेच. मिशनच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे गावच्या पाणी समितीत निम्म्या स्त्रिया हव्यात, आणि पाणी तपासणीच्या संचाचे प्रशिक्षण गावागावातल्या पाच स्त्रियांना द्यायचे आहे. समितीच्या इतिवृत्तावर सह्या कुणाच्या आहेत यापेक्षा, पाणी सोडण्याची वेळ कुणाला विचारून ठरली हे विचारावे. सकाळी अकराला सुटणारे पाणी मजुरीला गेलेल्या बाईच्या कामाचे नसते, मग तिच्या दारात नळ असूनही तिची मुलगी शाळा बुडवून पाणी भरते.

योजना कुणी चालवावी, या प्रश्नासाठी गोव्याशी तुलना उपयोगी पडेल. ग्रामीण भागातल्या सगळ्या घरांत नळ पोहोचल्याचे २०२० मध्ये जाहीर करणारे ते पहिले राज्य. तिथे पाणीपुरवठा परंपरेने सार्वजनिक बांधकाम खात्याकडे राहिला, पंचायतीकडे नाही. महाराष्ट्रात जलस्वराज्य प्रकल्पापासून ‘गावाने मागावे, वर्गणी द्यावी, गावानेच चालवावे’ असा आग्रह. यातला कुठला मार्ग बरा? लहान राज्याची सोय मोठ्या राज्याला लागू पडत नाही हे खरे, पण गावाच्या मालकीची भाषा बोलत बोलत शासन आपली जबाबदारी तर झटकत नाही ना, ही शंका मला नेहमी येते. शहरातल्या माणसाला कुणी लोकवर्गणी मागत नाही.

कामाला लागताना कुठले कागद मागावेत? पाणीपट्टीची मागणी आणि वसुली दाखवणारी नोंदवही. मागच्या दोन-तीन वर्षांची पंपाची वीजबिले. पाणी नमुना तपासणीचे अहवाल. आरोग्य विभागाने ग्रामपंचायतीला दिलेले लाल, पिवळे की हिरवे कार्ड. आणि जिल्हाधिकारी कार्यालयाचा टंचाई आराखडा. हा आराखडा ऑक्टोबर ते जून अशा काळासाठी, तीन टप्प्यांत, दरवर्षी होतो. त्यातली टँकर प्रस्तावित असलेली गावे आणि ‘सर्व घरांत नळ’ म्हणून घोषित झालेली गावे या दोन याद्या एकमेकींवर ठेवल्या की जी नावे दोन्हीकडे येतात, तिथून आपला अभ्यास सुरू होतो. वीजबिल तर मला कुठल्याही सर्वेक्षणापेक्षा विश्वासू साक्षीदार वाटते: पंप चाललाच नसेल तर युनिट पडत नाहीत, मग तक्त्यात कितीही लिटर दाखवलेले असोत.

आणि एक प्रश्न, ज्यावर मराठीत फारच थोडे लिहिले गेले आहे. घरात आलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के पाणी सांडपाणी म्हणून बाहेर पडते, असे अभियंते आरेखनात धरतात. दोन हजार वस्तीच्या त्याच गावाचे रोजचे ८८ हजार लिटर. विहिरीवरून डोक्यावर पाणी आणायचे होते तेव्हा इतके पाणी घरात यायचेच नाही, त्यामुळे गल्लीत वाहायचेही नाही. आता नळ आला, न्हाणीघर आले, पण गटार आले नाही किंवा आले ते ओढ्यात सोडलेले. नांदेड जिल्ह्यात घरोघरी शोषखड्डे घेऊन गटारे आणि डास दोन्ही कमी करण्याचे प्रयोग झाले. काळ्या चिकण मातीत असे खड्डे किती वर्षे मुरतात, ते भरले की उपसायचे कुणी, आणि उद्भव विहिरीपासून ते किती लांब हवेत, याचे गाववार मोजमाप अजून व्हायचे आहे. ज्याला प्रबंधाचा विषय हवा असेल त्याने तो इथून उचलावा; टेप, नकाशा आणि पावसाळ्यातले तीन महिने एवढी सामग्री पुरेल.